घुमट नंतर पाहू

बुधवार

मी आर्किटेक्ट. पुण्यातल्या एका वस्तीतल्या बुद्ध विहार समितीचं विहार बांधायचं काम माझ्याकडे आलं आणि पहिल्याच बैठकीत मागणी आली, घुमट सांचीसारखा पाहिजे. जागा १८०० चौरस फूट. तीन बाजूंना घरं, चौथ्या बाजूला रिक्षा स्टँड. मी मान डोलावली, घरी आले आणि सरांना फोन लावला. सर नागपूरचे. आमच्या कॉलेजात काही काळ शिकवायला येत. विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत विहार उभे करण्यात त्यांची हयात गेली आहे. "ये," म्हणाले, "पण दीक्षाभूमी पाहून त्याच रात्री परत जाणार असशील तर नको येऊ. तसे आलेले लोक गावी जाऊन घुमटच काढत बसतात."

माझ्या घरात देवघर आहे. विहारात मी गेले ती मैत्रिणींच्या लग्नांना. स्तूप भेटला तो दुसऱ्या वर्षाच्या इतिहासाच्या पेपरात. मेधी, अंड, हर्मिका, छत्र, वेदिका, तोरण. आकृती काढून नावे द्या. एवढ्याच भांडवलावर गरीबरथमध्ये बसले.

डिसेंबर म्हणजे अधिवेशनाचे दिवस. सीताबर्डीच्या बाजूला पोलिसांचे अडथळे, मोर्चांचे झेंडे, हॉटेलांचे दर आभाळाला. मी सरांच्याच घरी, इंदोऱ्याकडे उतरले. काकूंनी तर्री पोहे पुढे ठेवले. त्या तर्रीनं प्रवासाचा शीण घालवला आणि नाकातून पाणीही काढलं.

सर प्रत्येक पाहुण्याला आधी महाल नावाच्या जुन्या भागात नेतात. नागपूर म्हटलं की भोसले, असं आम्हा पुण्याकडच्यांना वाटतं. पण शहर वसवलं ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानानं तट बांधला आणि जुम्मा तलाव बांधला, ज्याला आज गांधीसागर म्हणतात. जुम्मा दरवाजाचं गांधी गेट झालं. रघूजी भोसल्यांच्या हाती राज्य आलं ते १७४३ मध्ये. सर हे सगळं गाडी चालवता चालवता सांगत होते आणि मध्येच खिडकीतून कुणाला तरी "जय भीम" घालत होते.

भोसल्यांचा राजवाडा काळ्या पाषाणाचा, आतून लाकडी नक्षीनं भरलेला होता. १८६४ च्या आगीत तो गेला. उरला नगारखाना. आम्ही त्याच्यासमोर उभे होतो तेव्हा कमानीखालून स्कूटर, भाजीची हातगाडी, शाळेची व्हॅन असं सगळं सुरू होतं. मी मान वर करून दगडातलं काम पाहत होते. सर म्हणाले, "वर काय पाहून राहिली? खाली पाहा, लोक कुठून चालून राहिले ते." खरंच, सगळे एकाच बाजूने चालत होते. दुसऱ्या बाजूला फरशी खचली होती, पाणी साचत असावं. सरांनी वहीत तेवढंच टिपलं.

आजूबाजूच्या गल्ल्यांत जुने वाडे अजून आहेत, पण मोजकेच. सुरूदार खांब, सागाच्या तुळया, वर कवेलूचं छप्पर, त्यावर निळी ताडपत्री. वाडा पडला की खांब आधी भंगारात जातात आणि तिथून हॉटेलांच्या सजावटीत. त्यातले काही पुण्यात मी पाहिले आहेत, त्यांच्या आधारानं मिसळ खाल्ली आहे. सरांना हे सांगितल्यावर ते हसले नाहीत.

गुरुवार

दीक्षाभूमी.

सरांनी मला मुद्दाम एकटीला पाठवलं. "तासभर फिर, मग फोन कर." थंडीतली कोवळी उन्हं, शाळेच्या सहली, औरंगाबादकडून आलेली एक बस. त्या बसमधल्या बायका पांढऱ्या लुगड्यांत होत्या आणि प्रवेशापाशी चपला काढताना एकमेकींच्या खांद्याचा आधार घेत होत्या.

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. लस संस्थेजवळच्या १४ एकरांच्या मैदानावर बाबासाहेब आंबेडकरांनी कुशीनगरच्या भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना स्वतः दिली. हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं ते असं, की त्या दिवशी मंचापाशी सांचीच्या स्तूपाची प्रतिकृती उभारली होती. म्हणजे या जागेवर स्तूप आधी आला तो सोहळ्यापुरता, मांडवासारखा. दगडातला पुढे कितीतरी वर्षांनी आला. बांधकाम १९७८ मध्ये सुरू झालं आणि राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झालं १८ डिसेंबर २००१ ला. वास्तुशिल्पी शिवदान मल.

आमच्या धंद्यात एक वाईट खोड असते. एखादी इमारत 'अमुकसारखी' आहे म्हटलं की ती आपण बघायचंच सोडतो. दीक्षाभूमी सांचीसारखी आहे, असं प्रत्येक पुस्तिकेत छापलेलं असतं. मी आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे १२० फूट, दीक्षाभूमीच्या घुमटाचाही १२०. पण सांचीची उंची ५४ फुटांच्या आसपास आणि ही १२०. व्यास तोच ठेवून उंची दुपटीहून जास्त. का? उत्तर आत पाऊल टाकल्यावर कळतं. सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याच्या आत जाता येत नाही, भोवती फिरायचं असतं. हा पोकळ आहे. याच्या आत माणसं जातात, बसतात, वंदना म्हणतात. स्तूपाचा आकार घेतला आणि त्याच्या पोटात सभा भरवली. स्तूप आणि चैत्यगृह, म्हणजे वंदनेचं सभागृह, या दोन वेगळ्या गोष्टी लेण्यांतून एकत्र आल्या होत्या हे खरं, पण तिथे सभागृहात छोटा स्तूप असतो. इथे स्तूपच सभागृह झाला आहे. लाखोंच्या साक्षीनं झालेल्या घटनेचं स्मारक भरीव कसं चाललं असतं? ते आतून रिकामंच हवं, लोकांना शिरता येईल असं.

धोलपूरचा दगड, चार दिशांना चार प्रवेश, कमानींवर हत्ती, घोडे, सिंह. दगडकामात डोळे दिपवणारं असं काही मला दिसलं नाही. उलट काही सांधे जाडेभरडे आहेत आणि रेलिंगची प्रमाणं मला थोडी जड वाटली. पण गोलाकार व्हरांड्यात एक म्हातारे गृहस्थ भिंतीला पाठ लावून बसले होते आणि नातवाला बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणून दाखवत होते. एकोणिसावीपाशी अडकले. नातवानं बाहेरच्या स्तंभावर कोरलेल्या प्रतिज्ञा धावत जाऊन वाचल्या आणि परत येऊन पुढचा शब्द सांगितला. त्या स्तंभाचं माप, अक्षरांची उंची, वाचणाऱ्याचं अंतर हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. ते बरोबर ठरलं आहे हे त्या पोराच्या धावण्यावरून मला कळलं.

सर आले ते थेट बोधिवृक्षापाशी. श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या वृक्षाची रोपटी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणली होती, त्यांतला हा. त्याच्या पाराजवळ बसून त्यांनी २०२४ ची गोष्ट सांगितली. परिसर विकासाच्या कामात भूमिगत वाहनतळासाठी इथे खोदकाम सुरू झालं होतं. स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका पोचेल अशी लोकांना भीती. १ जुलैला हजारो लोक जमले आणि काम बंद पाडलं. त्याच दिवशी सरकारनं स्थगिती दिली.

"तुम्ही होतात?"

"होतो ना. मागं उभा होतो." थोडं थांबून म्हणाले, "खोदकामाचा नकाशा पाहिला असता तर कदाचित म्हटलं असतं, इंजिनिअरिंग ठीक आहे. पण तो प्रश्नच नव्हता. विचारलं कोणाले?"

त्या दिवशी झालेली जाळपोळ त्यांना पसंत नव्हती, हे त्यांनी लपवलं नाही. मलाही ती पसंत पडली नसती. पण वाहनतळ कुठे आणि किती खोल, हा प्रश्न हजारो माणसांना स्वतःच्या घराच्या पायाइतका जवळचा वाटतो, असं स्मारक आपल्याकडे दुसरं कोणतं? शनिवारवाड्यापाशी उद्या कुणी खड्डा खणला तर पुण्यात लेख येतील. माणसं येतील की नाही, सांगता येत नाही.

संध्याकाळी सीताबर्डीत गेलो. १९५६ च्या त्या दिवसांत बाबासाहेब उतरले होते ते श्याम हॉटेल याच भागातलं. गर्दी इतकी, की सर बोटानं दाखवेपर्यंत आम्ही पुढे ढकलले गेलो होतो.

शुक्रवार

सकाळी काटोल रोडनं जुनापाणी. गोरेवाड्याच्या पुढे, शहराला लागूनच. महापाषाणयुगातली शिळावर्तुळं, सुमारे तीनशे. काळे धोंडे गोलात मांडलेले, काहींवर बोटाच्या पेराएवढे खळगे रांगेत कोरलेले. लोखंड वापरणाऱ्या माणसांच्या पुरण्याच्या जागा. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केलं होतं. सर म्हणाले, विदर्भात गोल आकाराची सुरुवात बुद्धाच्याही आधीची आहे. ओढूनताणून जोडलेलं वाटलं, आणि मी तसं म्हटलं. "असू दे," म्हणाले, "पण वर्तुळ आखायले काय लागते? एक खुंटी अन् एक दोरी. ज्याच्याजवळ नकाशा नाही त्याच्याजवळ बी खुंटी-दोरी असते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

(हिस्लॉप कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप टाकळघाटची अशीच शिळावर्तुळं पाहून परतताना १८६३ मध्ये पुरात बुडून गेले. नागपुरात भूगर्भशास्त्र आणि पुरातत्त्व यांची सुरुवात अशी एकाच माणसापाशी येऊन थांबते.)

दुपारी हायकोर्ट बाहेरूनच पाहिलं. हेन्री मेडचं काम, ६ जानेवारी १९४० ला उद्घाटन. नवी दिल्ली उभारणाऱ्या बेकर-लट्यन्स या वास्तुशिल्पींच्या वर्तुळात घडलेला हा माणूस. घुमट, स्तंभांची रांग, सगळं तोलून-मापून. सुंदर आहे. मी फोटो काढले. सर गाडीतच बसून राहिले. त्यांचे वडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांनी सुरू केलेली ती गिरणी आता नाही, तिच्या जागेवर मॉल आहे. त्या रस्त्यानं जाताना सर पलीकडेच बघतात, असं काकूंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

शनिवार

जबलपूर रोडनं उत्तरेला. कामठी ओलांडली, कन्हान ओलांडली. वाटेत ड्रॅगन पॅलेस या बुद्धमंदिरापाशी थांबलो नाही, परतताना थांबू म्हणून, आणि परतताना अंधार पडला.

मनसर नागपूरपासून ४५ किलोमीटरच्या आसपास. मँगनीजच्या खाणींमुळे लोकांना ठाऊक असलेलं गाव. टेकडीवर आणि खालच्या टेपाडांवर विटांचं बांधकाम उघडं पडलं आहे. खाचाखाचांच्या, ताऱ्यासारख्या भिंती, पायऱ्या, एकावर एक चढवलेले थर. हे उत्खनन १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं, जगतपती जोशी आणि ए. के. शर्मा यांच्या देखरेखीखाली, आणि ते करवलं होतं बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेनं, भदन्त सुरेई ससाई यांच्या पुढाकारानं. ससाई मूळचे जपानचे, इंदोऱ्याच्या विहारातले. सर म्हणाले, भिक्खूनं पुढाकार घेऊन करवलेलं एवढं मोठं उत्खनन त्यांना तरी दुसरं ठाऊक नाही. मलाही नाही.

आणि मग भांडण. उत्खनन करणाऱ्यांनी इथे स्तूप आणि विहार असल्याचं मांडलं. हान्स बकर यांच्यासारखे अभ्यासक टेकडीवरच्या वास्तूला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचं शिवमंदिर मानतात. इथेच सापडलेली शिवाची मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पायात पुरलेली एक मानवाकृतीही निघाली, आणि बकर यांनी तिचा संबंध वास्तुपुरुषाशी लावून पाहिला आहे. मी थबकलेच. वास्तुपुरुष म्हणजे आमच्याकडे कॅलेंडरवरचं चित्र, कुठे संडास घालू नये हे सांगणारं. इथे त्याला कुणी खरोखरच जमिनीत निजवला असेल?

सरांना विचारलं, तुम्ही कोणाच्या बाजूचे. ते विटांच्या कडेला उकिडवे बसले होते, एका थराची जाडी बोटांनी मोजत. "मी विटेच्या बाजूचा," म्हणाले. मग गंभीर झाले. त्यांचं म्हणणं असं की एकाच जागी एकानंतर एक लोक आले, आणि ज्यानं त्यानं आधीच्याच्या विटा वापरल्या. कुणाचं होतं हे सिद्ध करायची घाई आज ज्यांना आहे त्यांचं कारणही त्यांना कळतं. ज्यांना पिढ्यानपिढ्या तुमचं काहीच नाही असं सांगितलं गेलं, ते जमीन खणून बघणारच. मला हे पटलं, तरी एक गोष्ट खुपली. खाली उतरताना टेपाडाच्या कडेला विटा सुट्या पडून होत्या, पावसानं धुपलेल्या. भांडण कुणाचंही असो, त्या विटांना आच्छादन हवं होतं.

रामटेक उरकलं असंच म्हणायला हवं. गडावर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन छोटी, जाड भिंतींची मंदिरं. मला ती गडावरच्या इतर सगळ्या बांधकामापेक्षा जास्त आवडली, कारण त्यांच्यात दाखवण्याची हौस नाही. वराहाच्या पोटाखालून जो सरपटत पार होतो तो निष्पाप, अशी समजूत आहे. समोर एक जाडजूड काका अडकून बसले होते आणि त्यांची मुलं हसून हसून बेजार. मी प्रयत्न केला नाही.

रविवार

या दिवसासाठी खरं तर मी आले होते, पण ते मला रविवारीच कळलं.

सकाळी उत्तर नागपुरातल्या एका विहारात गेलो. सरांचं पहिलं काम, १९८० च्या दशकातलं. ले-आऊटमधली उरलेली तिरपी जागा, शेजारी विजेचा खांब. बाहेरून पाहिलं तर पांढरी साधी दुमजली इमारत. वर घुमट आहे, पण समोरच्या रस्त्यावर उभं राहिलं की दिसत नाही, चौकातून दिसतो. पंचशील ध्वज, बाबासाहेबांचा निळ्या कोटातला पुतळा, त्याच्या हातातलं पुस्तक नुकतंच पुसलेलं. आत वंदना सुरू होती. बायका पुढे, पुरुष मागे. आमच्याकडच्या देवळांत मी उलटंच पाहत आले आहे.

मी जमिनीवर बसले आणि पाहिलं की बुद्धाची मूर्ती मान वर न करता दिसते. चौथरा बसलेल्या माणसाच्या नजरेच्या हिशेबानं घेतलेला. पूर्वेच्या खिडक्या उंच, म्हणजे सकाळचं ऊन डोळ्यांवर न येता छतावर जातं आणि तिथून खाली पसरतं. दक्षिणेच्या भिंतीत दोन मोठी चौकोनी भगदाडं, त्यांना लोखंडी दारं. हे काय, म्हणून विचारलं तर शेजारची आजी म्हणाली, "कूलरची जागा व्हय ते. उन्हाळ्यात काय मरायचं का?" भिंतीबाहेर कूलर ठेवायला ओटा, नळाची तोटी, पाणी जायला नाली. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या गावात हे नकाशातच असायला हवं. पुण्यात आम्ही सुंदर दर्शनी भाग काढतो आणि दोन वर्षांनी त्यावर एसीचे डबे लटकतात.

वंदनेनंतर चहा आला आणि बैठक भरली. महिला मंडळाच्या सात-आठ जणी, समितीचे तिघं-चौघं, आणि एक मिस्त्री. हा विहार कसा झाला ते मला सगळ्यांनी मिळून, एकमेकांचं तोडत सांगितलं.

सर तेव्हा नुकते शिकून आले होते. त्यांनी नकाशा आणला तो घुमटाचाच होता, चार तोरणांसकट, म्हणजे सांचीसारख्या प्रवेशकमानींसकट. मंडळाच्या त्या वेळच्या अध्यक्ष बाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "घुमट नंतर पाहू. आधी पाण्याचं बोला." वस्तीत तेव्हा टँकर येत असे. तो आला की बाया कामावर गेलेल्या, आणि घरी असलेल्यांची भांडणं. म्हणून विहाराच्या जोत्याखाली मोठी टाकी घेतली, टँकर तिच्यात रिकामा व्हायचा आणि संध्याकाळी वाटप. वर्गणीतला सगळ्यात मोठा खर्च जमिनीखाली गेला. काळ्या मातीत टाकी म्हणजे सोपं काम नाही. पावसाळ्यात ती माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंती ओढते. सरांनी भोवती मुरूम भरून घेतला. टाकी अजून गळत नाही, कुंपणाची भिंत मात्र तीनदा तडकली, असं आजींनी माझ्याकडे बघत, पण सरांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं.

मग सभागृह. मग वर अभ्यासिका, कारण घरांत एकच खोली आणि टीव्ही. तिचा जिना बाहेरून घेतला आणि दिव्याचं बटण दाराबाहेर, म्हणजे पहाटे चारला येणाऱ्या पोरांना किल्लीसाठी कुणाला उठवायला नको. त्या अभ्यासिकेतून नोकरीला लागलेल्यांची नावं आजींना तोंडपाठ होती, खातं आणि गावासकट. माणूस गेल्यानंतरच्या जलदानाच्या विधीला गर्दी होते म्हणून पुढचा ओटा रुंद. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, तेव्हा म्हाताऱ्यांना टेकायला भिंतीलगत बाक. फरशीवरून मोठं भांडण झालं होतं. पुरुषांना संगमरवर हवा होता. बायका म्हणाल्या, थंडीत बसतो आम्ही, तुम्ही तर मागं उभे असता. मोझॅक टाकली.

घुमट आला सगळ्यात शेवटी, आणि तो या मिस्त्रीनं केला. दीक्षाभूमीच्या कामावर तो तरुणपणी मजूर होता. घुमटाची सेंट्रिंग तिथे पाहून शिकला आणि मग विदर्भभर विहारांचे घुमट करत फिरला. त्याची पद्धत त्यानं मला टाइल्सच्या खोक्यावर पेन्सिलीनं काढून दाखवली. मध्ये उभा पाइप, त्याला प्लायचा अर्ध्या कमानीचा फर्मा, तो पाइपभोवती फिरवत गिलावा ओढायचा, म्हणजे गोलाई कुठेही चुकत नाही. पुस्तकातलं गणित त्याला येत नाही. पण किती फुटांच्या घुमटाला किती उंची शोभते हे तो न मोजता सांगतो, आणि मोजल्यावर ते बरोबर निघतं. माझ्या जागेची मापं सांगितली. तो जरा वेळ गप्प बसला. "ताई, घरं इतकी लागून असली तर घुमट कोणाले दिसन? गच्चीवरून पाहणाऱ्याले. खाली उभा असन त्याले काय दाखवता, थे आधी ठरवा."

बैठक खरी तर माझ्यासाठी नव्हतीच. विषय होता नवी मूर्ती. थायलंडहून सोनेरी मूर्ती दान म्हणून मिळते आहे. जुनी सिमेंटची काढायची का? तरुणांना सोनेरी हवी होती. सरांना ती अजिबात नको होती आणि ते चक्क चिडले. सगळीकडे तीच चकाकी, तेच फायबरचे तोरण, काही वर्षांनी नागपुरातला विहार कोणता आणि दुसरीकडचा कोणता हे कळणार नाही, म्हणाले. कुणी त्यांना उलट बोललं नाही, पण त्यांच्या बाजूनंही कुणी बोललं नाही. शेवटी ठरलं की सोनेरी मूर्ती खाली, जुनी अभ्यासिकेत. सरांनी वहीत चौथऱ्याचं नवं माप लिहून घेतलं. नवी मूर्ती उंच आहे, चौथरा नऊ इंच खाली घ्यावा लागेल.

मी हे पुष्कळ वेळ मनात घोळवत राहिले. त्यांच्या जागी मी असते तर काम सोडण्याची भाषा केली असती. निदान रागानं निघून तरी गेले असते.

रात्री सर झोपल्यावर काकूंनी भाकरी-पाटवडी रस्सा वाढता वाढता सांगितलं. सर कॉलेजात चौथ्या वर्षाला असताना गिरणीत कामाचे दिवस घटले आणि वडिलांना फी भरता येईना. ती त्या समितीनं भरली, विहारासाठी जमवलेल्या वर्गणीतून. म्हणजे विहार एक वर्ष लांबला. मुंबईत चांगल्या ऑफिसात नोकरी लागली होती, ती सोडून ते परत आले. "पोट धरमपेठेनं भरलं," काकू म्हणाल्या. डॉक्टरांचे बंगले, दवाखाने, त्या कामांवर घर चाललं. विहारांचे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत आणि समित्यांनी विचारले नाहीत. "मी विचारलं होतं, एकदा," असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात आणखी रस्सा वाढला.

सोमवार

गाडी संध्याकाळची होती. सकाळी इतवारीत संत्र्यांच्या पेट्या बांधून घेतल्या आणि सरांबरोबर तांडापेठेत चक्कर मारली, कोष्ट्यांच्या घरांत. माग फारच थोडे उरलेत. जिथे उरलेत तिथे घराची पुढची खोली मागाची, दिवसाचा सगळा उजेड तिला, आणि स्वयंपाकघर मागे अंधारात. नागपूरच्या घरांवर कुणी पुस्तक लिहिलं तर पहिलं प्रकरण या पुढच्या खोलीवर असायला हवं. आम्ही दोन घरं पाहिली आणि तिसऱ्यात सावजी जेवणाचं आमंत्रण आलं, तेव्हा पळ काढला. कालच्या रश्श्याचा हिशेब अजून चुकता झाला नव्हता.

बडनेरा गेल्यावर पुण्याच्या समितीच्या सचिवांना मेसेज लिहायला घेतला. आराखडा आणण्याआधी मला काही गोष्टी हव्यात: पाणी कधी येतं, किल्ली कोणाकडे राहणार, अभ्यासाला किती मुलं बसतील, जलदानाला किती माणसं जमतात, रिक्षा स्टँडवाल्यांशी कुणी बोललं आहे का, आणि वस्तीतल्या बायका बैठकीला कधी येऊ शकतील.

उत्तर अकोल्याच्या आसपास आलं. "मॅडम, बाकी सगळं कळवतो. बायका कशाला? आणि घुमट किती फुटांचा धरलाय?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. आधीच्याचं दिलं, सविस्तर, टाकीपासून फरशीपर्यंत. बैठक येत्या रविवारी आहे, आणि महिला मंडळ तिथे अजून स्थापनच झालेलं नाही असं कळलं.